एका खेळाच्या दोन चुली

या कार्यक्रमात आम्ही कधी शेळीपालनाचं बोलतो, कधी बँकेच्या हप्त्याचं, कधी बाळंतिणीच्या आहाराचं. आज जरा लांबचा विषय घेतलाय. रग्बी. नाव ऐकूनच काहीजणी म्हणतील, हे आपलं नव्हे बाई. पण आपल्या महाराष्ट्रात शाळाशाळांतून मुली आता हा खेळ खेळू लागल्यात. लेक घरी येऊन सांगते, "आई, मला रग्बीच्या संघात घेतलं," आणि आईला कळत नाही की पेढा द्यावा की काळजी करावी. म्हणून खेळाची ओळख तर करून घेऊच. पण त्यापेक्षा मोठं कारण वेगळंच आहे.

या खेळाचे जगभरचे शौकीन दोन गोष्टींवरून हमरीतुमरीवर येतात. पहिली, कोणती स्पर्धा सगळ्यात गाजली आणि कोणती लाज आणणारी ठरली. दुसरी, रग्बी युनियन खरी की रग्बी लीग खरी. हो, रग्बी एक नाही, दोन आहेत. एकाच घरातून निघालेल्या दोन चुली. आणि ही चूल वेगळी का झाली, तर एका दिवसाच्या खाड्यावरून. कामावर गेलं नाही की हजेरीत खाडा पडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याच खाड्याची ही गोष्ट आहे.

आधी खेळ समजून घेऊ

रग्बीचा चेंडू गोल नसतो, पपईसारखा लांबट असतो. तो छातीशी धरून पळायचं आणि समोरच्या संघाच्या टोकाच्या रेघेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला ट्राय म्हणतात. पळताना चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. द्यायचा तर बाजूला किंवा मागच्या साथीदाराकडे द्यायचा. पुढे न्यायचा तर पायाने मारायचा, नाहीतर स्वतः घेऊन पळायचं. समोरचे खेळाडू धरून खाली पाडतात. आपल्या कबड्डीतली पकड आठवा. फरक एवढाच की इथे मैदान मोठं आहे आणि सामना ऐंशी मिनिटं चालतो.

आता दोन चुलींतला फरक. युनियनमध्ये एका बाजूला पंधरा जण असतात, लीगमध्ये तेरा. युनियनमध्ये ट्रायला पाच गुण, लीगमध्ये चार. पण खरा फरक पकडीनंतर दिसतो. युनियनमध्ये खेळाडू खाली पडला की त्याला चेंडू सोडावा लागतो, आणि त्या चेंडूवर दोन्ही बाजूंचे गडी तुटून पडतात. ज्याच्या रेट्यात जोर, त्याचा चेंडू. लीगमध्ये तसं नाही. पकड झाली की खेळाडूला उठू देतात. तो पायाने चेंडू मागे सरकवतो आणि त्याचाच संघ पुढे खेळतो. पण अशा सहाच पकडी मिळतात. सहा पकडींत रेघ गाठली नाही तर चेंडू दुसऱ्यांकडे जातो. कबड्डीत दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' असते ना, तशीच ही सहावी पकड.

म्हणून लीगचे शौकीन म्हणतात, "आमचा खेळ पळता आहे. तुमच्यात नुसता ढीग पडतो आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही." युनियनवाले म्हणतात, "तुमच्यात पाच वेळा तेच ते आणि सहाव्यांदा लाथ. आमच्यात जाड्याला, बारक्याला, उंचाला, बुटक्याला, सगळ्यांना काम आहे, आणि चेंडूसाठी दर क्षणाला झुंज आहे." दोघांचंही खरं आहे. पण हे नियम वेगळे झाले ते भांडणानंतर. भांडणाचं मूळ नियमांत नव्हतंच.

सहा शिलिंगांचं भांडण

गोष्ट इंग्लंडची, सव्वाशे वर्षांहून जुनी. रग्बी नावाच्या गावातल्या श्रीमंतांच्या मुलांच्या शाळेवरून खेळाला नाव पडलं. या शाळांतून शिकलेल्या लोकांनी १८७१ साली लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन काढली. पुढे हा खेळ इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये पसरला. तो भाग कापडगिरण्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा. तिथे गिरणीकामगार आणि खाणमजूर खेळायला लागले, आणि फार चांगले खेळायला लागले. सामने पाहायला गावंच्या गावं लोटायची. तिकिटाचे पैसे क्लबकडे जमायचे.

खेळणाऱ्याचं मात्र काय व्हायचं? शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. लांबच्या गावी सामना असला की सकाळीच निघावं लागे. म्हणजे त्या दिवसाचा खाडा. हात-पाय मोडला तर पुढचे कित्येक दिवस घरात पैसा नाही. उत्तरेच्या क्लबांची मागणी साधी होती. आम्हाला पगार नको, पण खेळामुळे जी मजुरी बुडते तेवढी भरून द्यायची परवानगी द्या.

१८९३ साली लंडनच्या बैठकीत यॉर्कशायरच्या लोकांनी हा ठराव मांडला. बाजूने १३६ मतं पडली, विरोधात २८२. ठराव पडला.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकून घेऊ. ते म्हणत, खेळ हा हौसेचा असतो. त्यात पैसा शिरला की खेळाचा धंदा होईल, जिंकण्यासाठी वाटेल ते होईल. त्यांच्यासमोर फुटबॉलचं उदाहरण होतं. तिथे १८८५ साली पैसे घ्यायला परवानगी मिळाली आणि बघता बघता कामगारांचे संघ साहेबलोकांच्या संघांच्या पुढे निघून गेले. ती भीती उघडपणे कुणी फार बोलत नव्हतं, पण होती. हौसेने खेळणं वाईट असं आम्हीही म्हणणार नाही. पण हौस कुणाला परवडते? ज्याच्या घरी शनिवारी काम केलं नाही तरी सोमवारी चूल पेटते, त्याला.

शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. सुरुवातीला बावीस क्लब होते. त्यांनी खाड्याचे पैसे ठरवले, दिवसाला सहा शिलिंग. एवढ्यावरून घर फुटलं. याच संघटनेचं नाव १९२२ साली रग्बी फुटबॉल लीग झालं.

वेगळं निघाल्यावर खर्च तिकिटांतूनच भागवायचा होता. मग खेळ बघणाऱ्याला आवडेल असा करायला हवा. म्हणून १८९७ साली बाजूच्या रेघेवरून दोन रांगांमध्ये चेंडू टाकायची पद्धत बंद केली. १९०६ साली पंधराचे तेरा खेळाडू केले आणि पकडीनंतर उठून चेंडू मागे सरकवायचा नियम आणला. पकडींवर मर्यादा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, आधी चार, मग सहा. म्हणजे बघा, आज शौकीन ज्या नियमांवरून वाद घालतात ते नियम त्या खाड्याच्या पोटी जन्मले.

आणखी एक. लीगने पगार लगेच सुरू केला असं नाही. १८९८ साली पैसे देणं मोकळं केलं, पण खेळाडूला दुसरं काम असलंच पाहिजे अशी अट घातली. कामाचा माणूस कामाचाच राहावा, असा त्यांचाही आग्रह होता.

शंभर वर्षांचा अबोला

युनियनने याचा राग शंभर वर्षं धरला. लीगमध्ये एकदा खेळला, किंवा नुसती सही केली, तरी त्या माणसाला युनियनची दारं कायमची बंद. भाऊबंदकीत बांधावरून बोलणं बंद होतं तसं.

ऑस्ट्रेलियातही हेच घडलं. सिडनीत १९०७ साली ॲलेक बर्डन नावाचा खेळाडू खेळताना जायबंदी झाला. त्याला काम करता येईना आणि युनियनने भरपाई दिली नाही. त्या चिडीतून तिथेही लीग उभी राहिली, आणि आज सिडनी-ब्रिस्बेनच्या बाजूला लीग हाच मोठा खेळ आहे. पापुआ न्यू गिनी या देशात तर लीग हा लोकांचा जीव की प्राण.

वेल्समध्ये मात्र खाणकामगार युनियनच खेळत राहिले. तिथे वरून हौस, आणि आतून गुपचूप बुटात पैसे ठेवले जायचे, असं सगळेच बोलत. ज्यांना उघड पैसे हवे होते ते उत्तरेला लीगमध्ये गेले. कार्डिफच्या गोदी भागातला बिली बॉस्टन हा कृष्णवर्णीय मुलगा १९५३ साली विगन क्लबकडे गेला आणि त्या एका क्लबसाठी त्याने ४७८ ट्राय केल्या. त्याच शहरातला क्लाइव्ह सलिव्हन १९७२ साली ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाचा कर्णधार होता आणि त्याच वर्षी त्या संघाने विश्वचषक जिंकला. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. बॉस्टनला 'सर' हा किताब मिळाला तो २०२५ साली, नव्वदी उलटल्यावर. लीगच्या खेळाडूला तो मान तोवर कधी मिळालाच नव्हता.

फ्रान्समध्ये तर याहून वाईट झालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीपुढे झुकलेल्या व्हिशी सरकारने १९४१ साली लीगवर बंदीच घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. लीगच्या शौकिनांना 'तुमच्या खेळाचा सगळ्यात काळा दिवस कोणता' असं विचारलं तर पुष्कळजण याच बंदीचं नाव घेतात.

सुखाचे आणि लाजेचे दिवस

लीगचा पहिला विश्वचषक १९५४ साली फ्रान्समध्ये झाला. युनियनचा पहिला विश्वचषक व्हायला १९८७ साल उजाडलं, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात. यावरून लीगवाले मिशी पिळतात. युनियनवाले लगेच म्हणतात, "तुमच्या सोळा विश्वचषकांपैकी बारा एकट्या ऑस्ट्रेलियाने नेले, त्यात गंमत ती काय?" लीगवाले उलट विचारतात, "आणि तुमचे? दहा झाले आणि जिंकणारे देश चारच!"

युनियनच्या गाजलेल्या स्पर्धांत सगळ्यांच्या तोंडी १९९५ ची दक्षिण आफ्रिका असते. त्याआधी त्या देशाच्या सरकारने काळ्या-गोऱ्यांत भेद करणारे कायदे चालवले होते, म्हणून पहिल्या दोन विश्वचषकांत त्यांना घेतलंच नव्हतं. न्यूझीलंडनेही या बाबतीत कच खाल्ली होती. १९२८, १९४९ आणि १९६० साली आफ्रिकेला जाताना त्यांनी आपल्या माओरी खेळाडूंना घरी ठेवलं होतं. १९८१ साली आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला तेव्हा बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या, हॅमिल्टनचा सामना तर लोकांनी मैदानात घुसून बंद पाडला. हे लाजेचे दिवस.

मग १९९५ साली नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष होते. अंतिम सामन्याला ते आफ्रिकेच्या संघाचा हिरवा सदरा घालून आले, कर्णधाराचाच सहा नंबरचा. काळ्या लोकांना तो सदरा म्हणजे जुलमाची खूण वाटायचा. आफ्रिकेने न्यूझीलंडला १५-१२ ने हरवलं. पण त्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. म्हणून काही शौकीन म्हणतात, खरा सुखाचा दिवस २०१९ चा, जेव्हा आजीने वाढवलेला, गरीब वस्तीतला सिया कोलिसी आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून विश्वचषक उचलत होता.

दुसरी जोडी जपानची. १९९५ च्याच स्पर्धेत न्यूझीलंडने जपानला १४५-१७ ने धुऊन काढलं. वीस वर्षांनी, २०१५ साली, जपानसमोर आफ्रिका होती. शेवटच्या क्षणी जपान तीन गुणांनी मागे होता. सोपी लाथ मारली असती तर बरोबरी झाली असती. जपानच्या मुलांनी बरोबरी नाकारली, ट्रायसाठी गेले आणि ३४-३२ ने जिंकले. त्याच स्पर्धेत यजमान इंग्लंड गटातच गारद झाला.

लीगकडे असाच दिवस २०२२ चा आहे. पहिल्या सामन्यात इंग्लंडने सामोआला ६०-६ ने हरवलं होतं. सुमारे दोन लाख लोकांचा तो बेटांचा देश. पण उपांत्य सामन्यात तोच सामोआ पुन्हा समोर आला आणि जादा वेळेत २७-२६ ने जिंकला. त्याच स्पर्धेत पुरुषांचा, स्त्रियांचा आणि चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांचा विश्वचषक एकत्र भरवला होता. लीगचा हा मोठेपणा युनियनवालेही मान्य करतात. आणि लीगची दुखरी नस म्हणजे पैसा. पुढची स्पर्धा फ्रान्सने भरवायची ठरली होती, पण २०२३ साली पैशाअभावी त्यांनी हात वर केले.

एक लाजेचा विषय मात्र दोन्ही चुलींना सारखा आहे, डोक्याचा मार. इंग्लंडने २००३ साली विश्वचषक जिंकला. त्या संघातल्या स्टीव्ह थॉम्पसनला चाळिशीतच स्मृतिभ्रंश झाला. आपण विश्वचषक जिंकलो होतो हेच त्याला आठवत नाही. आता डोक्याला लागेल अशी पकड केली तर थेट मैदानाबाहेर काढतात. आयांनो, लेक खेळत असेल तर एवढं लक्षात ठेवा. डोक्याला मार लागून ती जराही भांबावली, चक्कर आली, उलटी झाली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि दवाखाना. "काही होत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

अबोला सुटला

ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनियननेही जाहीर केलं की आता खेळाडूंना पैसे देता येतील. वेगळी चूल मांडल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं होत होती. सहा शिलिंगांना नाही म्हणणारे शंभर वर्षांनी हो म्हणाले.

लगेच १९९६ साली लीगचा विगन आणि युनियनचा बाथ, असे दोन नामांकित क्लब समोरासमोर आले. एक सामना लीगच्या नियमांनी खेळले, विगन ८२-६ ने जिंकले. दुसरा युनियनच्या नियमांनी, बाथ ४४-१९ ने जिंकले. कोण श्रेष्ठ? ज्याची चूल, त्याची भाकरी चांगली. २००३ च्या त्या अंतिम सामन्यात इंग्लंडची एकुलती एक ट्राय जेसन रॉबिन्सनने केली. तो लीगमधून आलेला. दहा वर्षं आधी असता तर त्याला दारातही उभं केलं नसतं.

आणि बायकांचं काय?

आता आपल्या गोष्टीकडे येऊ. पुरुषांच्या खाड्याचं भांडण शंभर वर्षांनी मिटलं. बायकांचं अजून चालू आहे.

स्त्रियांचा पहिला रग्बी विश्वचषक १९९१ साली वेल्समध्ये झाला. तो कुठल्या मोठ्या संस्थेने भरवला नाही. लंडनच्या रिचमंड क्लबच्या चौघी मैत्रिणींनी, डेबोरा ग्रिफिन, सू डॉरिंग्टन, ॲलिस कूपर आणि मेरी फोर्साइथ यांनी, आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो भरवला. जागतिक संघटनेने मान्यता दिली नव्हती. बारा देशांच्या मुली आल्या, बहुतेक पदरमोड करून. सोव्हिएत संघाच्या मुलींकडे तर पैसेच नव्हते. त्यांनी येताना व्होडका आणि खाण्याच्या जिनसा आणल्या आणि त्या विकून खर्च भागवायचा घाट घातला. आपल्या गटातल्या बाया प्रदर्शनाला जाताना पापड-लोणची बांधून नेतात, तसंच. अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९-६ ने हरवलं. त्या स्पर्धेला जागतिक संघटनेची मान्यता मिळाली ती २००९ साली, अठरा वर्षांनी.

इंग्लंडने २०१९ साली अठ्ठावीस मुलींना पूर्णवेळ पगारावर घेतलं. खाड्याची चिंता गेली, आणि संघ असा घडला की ओळीने तीस सामने जिंकला. २०२२ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडमध्ये अंतिम सामना झाला, मैदानात बेचाळीस हजारांवर माणसं. इंग्लंडची एक खेळाडू धोकादायक पकडीमुळे लवकरच बाहेर गेली. तरी शेवटच्या क्षणापर्यंत झुंज दिली आणि न्यूझीलंड ३४-३१ ने जिंकलं. कित्येक शौकीन म्हणतात, स्त्री-पुरुष सगळे धरून इतका रंगलेला अंतिम सामना क्वचितच झाला.

२०२५ साली इंग्लंडमध्ये अंतिम सामन्याला ८१,८८५ लोक आले. इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ ने हरवलं. कॅनडाच्या मुलींसाठी तयारीला पैसे कमी पडत होते, म्हणून लोकांकडून दहा लाख कॅनडियन डॉलर गोळा करायची मोहीम काढावी लागली होती. एका बाजूला पगारी संघ, दुसऱ्या बाजूला वर्गणीचा. आणि त्याच वर्षी १९९१ च्या चौघींपैकी डेबोरा ग्रिफिन त्याच जुन्या रग्बी फुटबॉल युनियनच्या अध्यक्ष झाल्या, तिथल्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. ज्या संघटनेने सहा शिलिंग नाकारले होते, तीच ही.

आपल्या देशात

आपला या खेळाशी संबंध जुना आहे. इंग्रजांनी १८७३ साली कलकत्त्यात रग्बीचा क्लब काढला होता. तो पाच वर्षांतच बंद पडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून चषक केला आणि इंग्लंडला दिला. झाकणावर हत्ती आणि नागाच्या आकाराच्या तीन मुठी. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी त्या 'कलकत्ता कप'साठी लढतात. रुपये आपले, भांडण त्यांचं!

आज भारतात मुलं-मुली खेळतात ती बहुतेक युनियनच्या घरातली, सात जणांची रग्बी, आपल्या कबड्डीसारखी सात गड्यांची. चौदा मिनिटांचा सामना. ही पद्धतही पैशाच्या अडचणीतूनच निघाली. १८८३ साली स्कॉटलंडच्या मेलरोज गावात क्लबची तिजोरी रिकामी होती. तिथल्या नेड हेग नावाच्या खाटकाने सुचवलं की थोड्या गड्यांचे छोटे सामने भरवू आणि तिकिटं लावू. तोच खेळ २०१६ साली ऑलिम्पिकमध्ये गेला.

ओडिशाच्या आदिवासी मुलांनी २००७ साली लंडनला जाऊन चौदा वर्षांखालची स्पर्धा जिंकली. पुण्याची वाहबिज भरूचा भारताच्या संघाची कर्णधार झाली. बिहारच्या बाढ गावच्या स्वीटी कुमारीचं नाव बाहेरच्या देशांत पोचलं. २०१९ साली मनिलामध्ये भारताच्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीत सिंगापूरला २१-१९ ने हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला.

खाडा कोण भरणार?

तर मैत्रिणींनो, युनियन बरी की लीग बरी, याचा निकाल आम्ही देणार नाही. तुम्ही दोन्ही पाहा आणि आपापसात भांडा, खेळाची मजा त्यातच आहे. पण त्या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

कुणी म्हणतं, शिबिर मोफत आहे, या. जेवण आहे, चहा आहे. पण त्या दिवशी खुरपणीची मजुरी बुडते, ती कुणी मोजत नाही. मग शिबिराला कोण येतं? जिला खाडा परवडतो ती. आणि जिला त्या माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे ती रानात असते. कुणी म्हणतं, बाई, हे सेवेचं काम आहे, पैशाचं काय बोलता. ते म्हणणाऱ्याच्या घरी पगार येत असतो. मुलीच्या खेळाचंही तसंच. फी माफ असते, पण तालुक्याला जायचं एसटीचं भाडं, बूट, आणि तिच्या सोबत जाणाऱ्या आईचा दिवस, हे सगळं कुणाच्या तरी पदरातून जातं. हौसेचा खेळ खरोखर सगळ्यांसाठी ठेवायचा असेल तर हा हिशेब आधी मांडावा लागतो.

हडर्सफील्डचे ते गिरणीकामगार फार काही मागत नव्हते. खेळायला दाम नको, फक्त बुडालेला दिवस भरून द्या, एवढंच. त्यांना नाही म्हटलं गेलं म्हणून एका खेळाचे दोन खेळ झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू एकमेकांना पारखे झाले.

तेव्हा पुढच्या वेळी गटात शिबिर, सहल किंवा मुलींच्या सामन्यांचं ठरेल, तेव्हा वहीत खर्चाच्या रकान्यांत एक रकाना आणखी आखा. त्यावर लिहा 'खाडा'. कुणाचा पडणार आणि तो कसा भरायचा, हे आधी बोलून घ्या. गटाच्या बचतीतून भरता येईल, ग्रामपंचायतीकडे मागता येईल, नाहीतर शिबिराची वेळच संध्याकाळची करता येईल. मार्ग तुम्हीच काढाल. आणि काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा.

आजच्यापुरतं इतकंच. नमस्कार.